प्रकल्पाला संस्था हवी, पण ती तुमचीच हवी का?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या चौघांनी पाच वर्षांपूर्वी मराठी-हिंदीसाठी अँड्रॉइडचा कळफलक आणि लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये चालणारं शुद्धलेखन तपासणीचं एक्स्टेंशन तयार केलं. सगळा कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला. आता कोड पाठवणारे तीसेक जण झालेत. देणग्या चौघांपैकी एकाच्या बचत खात्यात येतात आणि नेमका तोच नोकरीसाठी जर्मनीला निघालाय. त्यातच युरोपातल्या एका फाउंडेशननं ८,००० युरो देऊ केलेत. तेव्हा एनजीओ काढायची तर ट्रस्ट, सोसायटी की सेक्शन ८ कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी, असं विचारलंय.

माझं मत, निदान या वर्षी यातलं काहीच काढू नका. ट्रस्ट की सोसायटी हा शेवटचा प्रश्न आहे, तुम्ही तो पहिला घेतलाय. त्याआधीचे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवू. एक, प्रकल्पाच्या वस्तू कोणाच्या ताब्यात आहेत? दोन, पैसा कुठून येतोय आणि कशासाठी? पहिल्याचं उत्तर सर्वांना जवळपास सारखंच लागू पडतं. दुसऱ्याचं मात्र रकमेवर, देणाऱ्याच्या कागदावरच्या शब्दांवर आणि तुमच्यातल्या कोणाचं नागरिकत्व काय यावर ठरतं.

आधी ताबा. एक वही घ्या आणि लिहा: डोमेन कोणाच्या नावावर, डीएनएसचं, म्हणजे ते डोमेन कोणत्या सर्व्हरकडे वळवायचं त्या नोंदींचं, लॉगिन कोणाकडे, कोडच्या भांडाराचे मालक-हक्क किती जणांना, प्ले स्टोअरचं खातं कोणाच्या ईमेलवर, ओटीपी कोणाच्या सिमवर, देणगीच्या पानामागे कोणाचं बँक खातं, सर्व्हरचं बिल कोणाच्या कार्डावर. आणि सर्वांत महत्त्वाचं, एपीकेवर, म्हणजे ॲपच्या फाइलवर, ती तुमचीच असल्याची डिजिटल सही करण्याची किल्ली कोणत्या लॅपटॉपवर आहे आणि तिची दुसरी प्रत कुठे आहे. प्ले स्टोअरवरून जाणाऱ्या आवृत्तीची सहीची किल्ली गूगलकडे ठेवली असेल तर तुमच्याकडची अपलोडची किल्ली हरवली तरी बदलून मिळते. पण थेट संकेतस्थळावरून जी एपीके देता तिची किल्ली हरवली तर संपलंच. जुन्या वापरकर्त्यांना ॲप काढून पुन्हा घालावं लागतं, आणि बरेच लोक ते करत नाहीत.

तुमचं ॲप म्हणजे कळफलक आहे, म्हणून यावर जास्त बोलतोय. बँकेच्या पासवर्डपासून घरच्या निरोपापर्यंत माणूस जे टाइप करतो ते सगळं कळफलकातून जातं. सहीची किल्ली ज्याच्या हातात, त्याच्या हातात हजारो लोकांचं टाइपिंग. ही जबाबदारी एका माणसाच्या गळ्यात असू नये, तो कितीही सज्जन असो. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या मुक्त साधनाचं प्रकरण उघडकीला आलं, तिथे थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवून एका अनोळखी माणसानं आत चोरवाट ठेवली होती. संस्था असती तर ते टळलंच असतं असं मी म्हणणार नाही. पण जिथे दुसरा माणूस तपासायला बसवायला पैसे आणि रीत दोन्ही असतात, तिथे असा डाव साधणं अवघड जातं.

नाव आणि डोमेन यांचंही तसंच. ओपनऑफिसच्या मंडळींनी २८ सप्टेंबर २०१० ला वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा कोड त्यांना नेता आला, कारण परवाना खुला होता. नाव नेता आलं नाही, कारण ते ओरॅकल कंपनीचं होतं. म्हणून लिब्रेऑफिस हे नवं नाव घ्यावं लागलं आणि ते सांभाळायला द डॉक्युमेंट फाउंडेशन उभी राहिली, जी २०१२ मध्ये बर्लिनला रीतसर नोंदली गेली. २०२१ च्या मेमध्ये फ्रीनोड या गप्पांच्या जाळ्याचंही तेच झालं. जाळं चालवणारे स्वयंसेवक एकीकडे आणि नाव-डोमेन ज्या कंपनीच्या हाती ती दुसरीकडे. स्वयंसेवक उठले, लिबेरा चॅट नावाचं नवं जाळं काढलं, आणि या वेळी आधी स्वीडनमध्ये ना-नफा संघटना केली. खुला परवाना कोडला वाचवतो. नाव, डोमेन, किल्ली आणि बँक खातं यांना तो वाचवत नाही. ना-नफा संस्थेचं खरं काम इथे सुरू होतं.

जगात हे काम कोण कसं करतं ते पाहिलं की तुमच्या गरजा आपोआप स्पष्ट होतात. १९९७ मध्ये अमेरिकेत सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था मुख्यतः डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त कार्यप्रणालीसाठी सुरू झाली. ती डेबियनचं सॉफ्टवेअर बनवत नाही, डेबियनला काय करायचं ते सांगत नाही. डेबियन हे नोंदलेलं नाव तिच्याकडे आहे, पैसे तिच्या खात्यात राहतात आणि प्रकल्पानं नेमलेला माणूस सांगेल तसे खर्च होतात. याबद्दल ती आलेल्या देणगीतून ५ टक्के कापते. २००६ मध्ये सुरू झालेली सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी १० टक्के घेते, पण करार, वकील, नावाचं रक्षण, परवान्याचं पालन करून घेणं अशी जास्त कामं अंगावर घेते. गिट, इंकस्केप, वाइन हे मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प तिच्या छत्राखाली आहेत. अपाची फाउंडेशन १९९९ ची. ती कोड लिहायचे पैसे कोणालाच देत नाही, मात्र सर्व्हर, कायदा, नाव आणि निर्णय घेण्याची पद्धत पुरवते. त्यासाठी तुमचा परवाना अपाचीचा हवा, म्हणजे जीपीएलवाल्या तुम्हाला ते दार बंदच. लिनक्स फाउंडेशन यांच्या ओळीत बसवू नका. अमेरिकी करकायद्यात ती धर्मादाय नाही, व्यापारी संघटनेच्या कलमाखाली येते आणि सदस्य कंपन्यांच्या वर्गणीवर चालते. त्यात गैर काही नाही, पण चौघांच्या कळफलकाला तिचा फारसा उपयोग नाही.

एखाद्या संस्थेच्या छत्राखाली जाणं म्हणजे फिस्कल स्पॉन्सरशिप किंवा फिस्कल होस्टिंग. यात लोक एक गोष्ट विसरतात: त्या खात्यातला पैसा कायद्यानं यजमान संस्थेचा असतो. तुमच्या नावानं वेगळा हिशोब असतो आणि तो तुमच्या कामावरच खर्च करण्याचं बंधन असतं, इतकंच. म्हणून सही करण्यापूर्वी बाहेर पडण्याचं कलम वाचा. अमेरिकेतल्या ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशननं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की वर्षाअखेर आपण बंद होतोय, आणि तिच्याकडच्या शेकडो गटांना नवं घर शोधत धावावं लागलं. करारात हे चार मुद्दे शब्दांत हवेत: किती दिवसांची सूचना, शिल्लक कुठे जाणार, नाव आणि डोमेन कोणाला परत मिळणार, आणि तुमच्या वतीनं बोलण्याचा अधिकार कोणाला आणि किती जणांना. शिल्लक तुमच्यापैकी कोणाच्या खात्यात येऊ शकणार नाही हे आधीच समजून घ्या. ती दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडेच जाते. आपल्याकडेही तसंच आहे.

आता तुमच्या बचत खात्याकडे येतो, कारण गडबड तिथे चालू आहे. वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर बिनमोबदल्याची रक्कम परक्यांकडून आली तर वरची तेवढीच नाही, सगळीच रक्कम खातेदाराचं उत्पन्न धरली जाते. 'ते पैसे प्रकल्पाचे होते' हे म्हणणं खरं असलं तरी कागदावर त्याला आधार नाही. देणारा जर परदेशी असेल तर त्याहून मोठा प्रश्न उभा राहतो, तो एफसीआरएचा, म्हणजे परदेशी अंशदानावरच्या (परदेशातून येणाऱ्या देणगीवरच्या) कायद्याचा.

२०१० चा हा कायदा फक्त एनजीओंना लागतो असा समज आहे. तो व्यक्तीलाही लागतो. सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक किंवा आर्थिक कार्यक्रम चालवणाऱ्या कोणीही परदेशी स्रोताकडून देणगी घ्यायची तर केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. आज काढलेल्या संस्थेला ती मिळणारच नाही. पूर्वपरवानगी नव्या संस्थेलाही मागता येते, पण ती एकाच देणाऱ्याकडून, एकाच कामासाठी, ठरलेल्या रकमेची. त्याचं पत्र जोडावं लागतं आणि त्यात महिने जातात. शिवाय २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी पैसा पहिल्यांदा उतरतो तो दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि एका संस्थेनं दुसरीकडे तो पैसा वळवायला पूर्ण बंदी आहे. म्हणजे 'ओळखीच्या एफसीआरएवाल्या संस्थेत घेऊ आणि आपल्याकडे वळवू' हा जुना जुगाड आता सरळ गुन्हा आहे. पैशाऐवजी लॅपटॉप, सर्व्हर आला तरी तोही अंशदानच. त्यामुळे ८,००० युरो तुमच्या खात्यात 'देणगी' म्हणून घेऊ नका. कोणी कितीही खात्री दिली तरी नका घेऊ.

मग काय करायचं? तीन वाटा आहेत आणि त्यातल्या दोन तुम्हाला आजच मोकळ्या आहेत.

पहिली, पैसा भारतात आणूच नका. फाउंडेशननं तो परदेशातल्या यजमान संस्थेला द्यावा आणि तिनं तिथूनच सर्व्हरचं बिल, सुरक्षा तपासणी करणाऱ्या फर्मचं बिल, भाषांतराच्या मंचाचं शुल्क भरावं. भारतात कोणालाच काही मिळालं नाही, तर अंशदानाचा प्रश्न उद्भवत नाही. यजमान मिळायला मात्र वेळ लागतो. अर्ज, समितीची छाननी, कराराची घासाघीस यात सहा महिने सहज जातात, आणि चांगल्या संस्था प्रकल्पाचा इतिहास, निर्णय घेणारे किती जण आणि त्यांतले किती एकाच कंपनीचे, हे बघितल्याशिवाय घेत नाहीत.

दुसरी वाट, देणगी नको, काम द्या असं सांगा. सेवा दिल्याबद्दल व्यवसायाच्या ओघात मिळालेला मोबदला अंशदानाच्या व्याख्येतून बाहेर आहे. म्हणजे तुमच्यापैकी जो खरोखर काम करणार त्यानं फाउंडेशनशी सेवा-करार करायचा, टप्पे लिहायचे, टप्पा झाला की इनव्हॉइस पाठवायचं, मिळालेलं स्वतःच्या व्यावसायिक उत्पन्नात दाखवून कर भरायचा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर केवळ सेवा परदेशी दिली म्हणून जीएसटी नोंदणी लागत नाही. हे करताना नाटक नको. करार खरा, काम खरं, माणूस तो व्यवसाय करणारा हवा. एकाच्या नावे इनव्हॉइस आणि मागून चौघांत वाटणी, असं केलंत तर पुन्हा पहिल्या चिखलात.

इथे एक बारीक गोष्ट दाखवतो, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. परदेशातून पैसा आला की बँक उद्देश-संकेतांक विचारते, म्हणजे पर्पज कोड. सॉफ्टवेअर सल्ला व अंमलबजावणीचा संकेतांक पी ०८०२ आहे. धर्मादाय संस्थांना आलेल्या देणगीचा पी १३०३, वैयक्तिक भेट-देणगीचा पी १३०२. शाखेतला कर्मचारी पाठवणाऱ्याच्या नावात 'फाउंडेशन' वाचतो आणि सवयीनं देणगीचा संकेतांक टाकतो. किंवा पाठवणाराच संदर्भात 'ग्रँट' लिहितो. एकदा तशी नोंद झाली की ती बदलवून घेणं म्हणजे पत्रांचं भेंडोळं. त्यामुळे रक्कम निघण्यापूर्वीच पाठवणाऱ्याला इनव्हॉइसचा क्रमांक संदर्भात घालायला सांगा आणि शाखेला करार व इनव्हॉइस ईमेलनं देऊन ठेवा. आणखी एक अडचण: युरोपातली काही फाउंडेशनं टप्प्यानंच पैसे देतात, पण त्यांच्या स्वतःच्या करसवलतीसाठी करारात त्याला देणगी म्हणतात. असा मसुदा आला तर सही करू नका, आधी विचारा.

तिसरी वाट म्हणजे एफसीआरए नोंदणी असलेल्या भारतीय संस्थेनं तुमचा प्रकल्प स्वतःचा कार्यक्रम म्हणून चालवायचा. पैसा तीच घेणार, तीच खर्च करणार, तुमच्यापैकी कोणाला कामावर घ्यायचं तर पगार किंवा फी तीच देणार. कायद्यात बसतं, पण अशी नोंदणी असलेली आणि सॉफ्टवेअर समजणारी संस्था इंदूरमध्ये शोधणं कठीण.

जर्मनीला जाणाऱ्या मित्राबद्दल: तो भारतीय नागरिक आहे तोवर स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गानं पाठवलेला पैसा परदेशी अंशदान नाही, पगार युरोत असला तरी. पण पुढे जर्मन पासपोर्ट घेतला, ओसीआय (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक म्हणून कार्डधारक) झाला, की त्याची देणगीही परदेशीच. जमलेली रक्कम त्याच्याकडून पुढच्या ठिकाणी कशी न्यायची हे मात्र तो निघायच्या आधी सीएसमोर बसून मिटवा. विमानात बसल्यावर नाही.

तुम्ही ओझरतं विचारलंय की गावातल्या एखाद्या मराठी संस्थेच्या छत्राखाली राहता येईल का. येईल, आणि देशातल्या देशात जमणाऱ्या लहान देणग्यांसाठी मला हा पर्याय बरा वाटतो. इंदुरात मराठी संस्थांची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्र साहित्य सभा तर १९१५ पासूनची. कोणतीही संस्था घ्या, आधी तिची नियमावली मागून उद्देशांचं कलम वाचा. 'मराठी भाषा व साहित्याचा प्रसार' यात कळफलक आणि शुद्धलेखन तपासणी बसवता येते. 'सभासदांचा सांस्कृतिक विकास' यात ओढूनताणूनही बसत नाही. मग कार्यकारिणीचा ठराव हवा, आणि तो कार्यवाही रजिस्टरमध्ये लिहिलेला हवा. अध्यक्षांनी चहा पिताना 'हो, हो, करू की' म्हटलं ते पुरत नाही. निवडणूक होते, कार्यकारिणी बदलते, नवे कोषाध्यक्ष ताळेबंद उघडतात आणि त्यांना दोन-अडीच लाखांची रक्कम दिसते, जिच्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नसतं. ते ती सभागृहाच्या रंगरंगोटीत घालतात, आणि त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही.

ठराव असा काहीसा करून घ्या: 'अमुक नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी येणाऱ्या देणग्या वेगळ्या निधीत जमा कराव्यात; सदर निधी प्रकल्पाच्या त्रिसदस्यीय समितीच्या लेखी शिफारशीनेच खर्च व्हावा; संस्थेने ५ टक्के व्यवस्थापन खर्च कापून घ्यावा; प्रकल्प अन्यत्र गेल्यास शिल्लक समान उद्देशाच्या नोंदणीकृत संस्थेस ९० दिवसांत द्यावी.' लेखापरीक्षकाला सांगून तो निधी ताळेबंदात वेगळ्या ओळीवर दाखवून घ्या. संस्थेला करसवलतीची नोंदणी आहे का आणि देणगीदाराला वजावट मिळते का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होऊन कलमांचे आकडे बदललेत, पण सीएच्या टेबलावर अजून या दोन्हींना अनुक्रमे बारा-ए आणि ऐंशी-जी हेच शब्द चालतात. ऐंशी-जीवर फार भिस्त ठेवू नका. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी करपद्धती घेतलेल्या नोकरदाराला तर मुळीच मिळत नाही. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटीवाल्यांकडून देणगी मागणार असाल तर त्यातले बरेच जण नव्या पद्धतीतलेच असणार.

स्वतःची संस्था कधी काढावी? माझी कसोटी अशी: देशातून दरवर्षी नियमित पैसा येऊ लागलाय, निदान एकाला पगार द्यायचाय, आणि कोड न लिहिणारा एक तरी माणूस हिशोब-कागद सांभाळायला मनापासून तयार आहे. तिसरी अट सर्वांत अवघड. ती पुरी होत नसेल तर पहिल्या दोन असूनही थांबा. मध्य प्रदेशात सोसायटी १९७३ च्या अधिनियमाखाली होते, किमान सात जण लागतात, दरवर्षी कलम २७ आणि २८ ची माहिती द्यावी लागते. सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, १९५१ च्या कायद्याखाली. मालमत्ता असलेल्यांसाठी तो ठीक, तुम्हाला नको. सेक्शन ८ कंपनीला दोन संचालक पुरतात, पैकी एक तरी भारतात राहणारा हवा. नोंदणी ऑनलाइन होते, पण त्यानंतर तुम्ही ग्वाल्हेरच्या आरओसीच्या, म्हणजे कंपनी निबंधकाच्या, हद्दीत, करसवलतीसाठी भोपाळच्या आयुक्तांपुढे आणि पुढे कधी एफसीआरए घेतलीच तर दिल्लीकडे. वार्षिक दोन फॉर्म, एओसी-४ आणि एमजीटी-७, चुकले तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये दंड. दोन वर्षं विसरलेल्या लहान कंपनीचा दंड तिच्या एकूण देणग्यांहून मोठा होऊ शकतो. मला तिन्हींत सेक्शन ८ बरी वाटते, कारण सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, देणाऱ्या कंपन्यांना आणि फाउंडेशनांना ती चटकन समजते.

पण करसवलत मागताना एक खड्डा आहे. सॉफ्टवेअर बनवणं हे आपोआप धर्मादाय ठरत नाही, ना इथे ना अमेरिकेत. शॉटवेल (फोटोंसाठी) आणि गीअरी (ईमेलसाठी) ही मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या योर्बा फाउंडेशनला अमेरिकी करखात्यानं साडेचार वर्षं ताटकळत ठेवून २०१४ मध्ये नकार दिला. आपल्याकडे असा उद्देश 'सर्वसाधारण लोकोपयोग' या खान्यात टाकला जातो, आणि त्या खान्यात व्यापारी स्वरूपाची आवक एकूण आवकीच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षाची सवलत जाते. एखाद्या प्रकाशकाला तुमचं एक्स्टेंशन बसवून देण्याचे दीड लाख घेतलेत आणि देणग्या चारच लाख असतील, तर मर्यादा ओलांडलीच. म्हणून उद्देशात 'सॉफ्टवेअर विकसित करणे' हे पहिलं वाक्य नको. 'देवनागरीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना व दृष्टिबाधितांना विनामूल्य साधने व प्रशिक्षण देणे' अशा कामाच्या बाजूनं लिहा, आणि अर्थातच ते काम खरोखर करा. सीएसआरच्या यादीतही सॉफ्टवेअर असा विषय नाही, शिक्षण आणि विशेष शिक्षण आहे. अंधांसाठीचा एनव्हीडीए हा मुक्त स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातली एनव्ही ॲक्सेस ही धर्मादाय संस्था बनवते, ती याच बाजूनं उभी आहे. भारतीय नमुना हवा असेल तर केरळातली स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग पाहा. आधी बरीच वर्षं नुसता गट म्हणून फॉन्ट आणि टंकलेखनाची साधनं केली, सोसायटीची नोंदणी नंतर.

कोडच्या मालकीवर एक परिच्छेद, कारण संस्था काढली की कोणीतरी 'सर्वांचा कॉपीराइट संस्थेच्या नावे करून घेऊ' म्हणतंच. तुमच्या आकाराला ते नको. तीस जणांच्या सह्या गोळा करण्यापेक्षा प्रत्येक बदलासोबत 'हे माझं आहे आणि द्यायचा मला हक्क आहे' अशी साइन-ऑफची ओळ घ्या, लिनक्स कर्नल २००४ पासून तेच करतं. तरीही हस्तांतर करायचंच असेल तर १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाचच वर्षांचं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. इंटरनेटवरून उचललेल्या अमेरिकी नमुन्यात या ओळी पाहिजेत तशा नसतात. आणि नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनीच असते, त्यामुळे तीसपैकी जे आयटी कंपन्यांत आहेत त्यांनी आपलं नेमणूकपत्र उघडून पाहिलेलं बरं. काही कंपन्या तर सुट्टीच्या दिवशी लिहिलेल्यावरही हक्क सांगतात.

नावाची नोंदणी मात्र लवकर करा. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९, ऑनलाइन अर्जाला व्यक्तीच्या नावे ४,५०० रुपये, संस्थेच्या नावे ९,०००, आणि नोंदणी दहा वर्षांची. यजमान नक्की होईपर्यंत एकाच्या नावे केलीत तर सोबत 'मी हे प्रकल्पाच्या वतीनं धरतो, यजमान ठरल्यावर त्याच्या नावे करून देईन' असं साध्या कागदावर चौघांच्या सह्यांनी लिहून ठेवा.

देशातल्या देशात पैसा देणारेही आता आहेत. फॉस युनायटेड ही भारतीय संस्था इथल्या प्रकल्पांना अनुदान देते. झेरोधा या शेअर दलाली कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलर. अर्जासाठी तुमच्या संकेतस्थळावर किंवा भांडारात ठरलेल्या रचनेची फंडिंग डॉट जेसन नावाची फाइल ठेवावी लागते. तो फंड मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या प्रकल्पांसाठी आहे, तेव्हा आज मिळेल अशी आशा धरू नका, पण फाइल लिहून पाहा. ती लिहिताना 'नेमके किती पैसे आणि कशाला' हे चौघांनी बसून ठरवावं लागतं, आणि बहुतेक गटांत ते कधीच ठरलेलं नसतं. अर्जात नव्या सुविधांपेक्षा कंटाळवाणी कामं लिहा: चाचण्या, आवृत्ती काढणं, शब्दसंग्रहाची दुरुस्ती, सुरक्षा तपासणी. स्वयंसेवक नवी सुविधा फुकट लिहितात. जुनी चूक शोधायला तीन आठवडे फुकट कोणी बसत नाही. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली चूक उघड झाली तेव्हा जगातल्या अर्ध्याअधिक संकेतस्थळांचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती.

एकाला पैसे आणि बाकीचे फुकट, यातून गट फुटतात. म्हणून पैसे कोणत्या कामाला हे आधी जाहीर करा, मग माणूस निवडा. आणि ज्याला मिळणार तो त्या ठरावावर मत देणार नाही एवढं पाळा.

फाउंडेशनला आजच उत्तर लिहा. त्यात तीन गोष्टी विचारा: रक्कम देणगीऐवजी टप्प्यांच्या सेवा-करारानं देता येईल का, तिचा काही भाग परदेशातल्या यजमान संस्थेकडे किंवा थेट सर्व्हर आणि तपासणीच्या बिलांना जाऊ शकेल का, आणि मंजुरीची मुदत सहा महिने पुढे ढकलता येईल का. अशी फाउंडेशनं भारतातल्या प्रकल्पांमुळे एफसीआरए ओळखून असतात; तेच कारण पत्रात दिलंत तर त्यांना नवल वाटणार नाही. उत्तर येईपर्यंत बचत खात्याला जोडलेलं देणगीचं पान बंद ठेवा, आणि मित्र निघण्यापूर्वी प्ले स्टोअरच्या खात्यात दुसरा प्रशासक घालून ओटीपी मित्राच्या सिमवरून दुसऱ्या कोणाच्या सिमवर हलवा.